तीन ग्रॅमची पाहुणी

अमेरिकेहून परत आल्यावर हॉस्टेलवर पहिला प्रश्न आला, “चॉकलेटं कुठायत?” ती दीड दिवसात संपली. दुसरा प्रश्न, “नायगारा बघितलास का?” नाही बघितला. “बरं, न्यूयॉर्क?” तेही नाही. “मग सहा आठवडे तिथे केलंस तरी काय?” मी खरं ते सांगून टाकलं, की ताईच्या घरामागच्या अंगणात बसून एका पक्ष्याचे फोटो काढले. त्यावर रूममध्ये जी शांतता पसरली, ती व्हायव्हा संपल्यावर एक्स्टर्नल “ठीक आहे, या तुम्ही” म्हणतात तेव्हाच्या शांततेसारखी होती. मॅगझिनच्या संपादकांनी मात्र “हेच लिहून दे” म्हणून पिच्छाच पुरवला. तेव्हा मंडळी, भोगा आता.

२०२३ चा जून महिना. ताईचं पहिलं बाळंतपण. आई जाणार हे नक्की होतं आणि आई विमानात एकटी बसणार नाही हेही नक्की होतं. म्हणून सामान उचलायला आणि विमानतळावरच्या साहेबाशी इंग्रजीत बोलायला माझी नेमणूक झाली. सांगलीहून निघताना आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा. माझ्या बॅगेत फोटोग्राफी क्लबचा कॅमेरा (सरांची सही घेऊन!), ५५-२५० ची लेन्स, एक फ्लॅश आणि ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’चं पुस्तक. पुस्तक कशाला, हे सूज्ञांस सांगणे न लगे. केटी.

ताई आणि दाजी नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहतात, रॅले शहराजवळ. घरामागे लाकडी डेक, त्यापुढे हिरवळ, तिच्या पलीकडे पाइन आणि ओकची झाडी. बाळ आठ दिवसांचं होतं तेव्हा शेजारच्या आजी बघायला आल्या. बाळासाठी त्यांनी एक दुपटं आणलं आणि ताईसाठी हमिंगबर्डचा फीडर. “रात्रभर जागरणं होणार तुझी, दिवसा खिडकीतून बघायला काहीतरी हवं,” असं त्यांचं म्हणणं. फीडर म्हणजे काय, तर खाली बशीसारखी लाल थाळी, तिच्यावर प्लॅस्टिकची चार फुलं, प्रत्येक फुलाच्या मधोमध एक भोक आणि वर उलटी लावलेली बाटली. बाटलीतलं पाणी भदाभदा बाहेर का येत नाही? मेसमधल्या उलट्या जारचंच तत्त्व. हवेचा दाब!

दाजींनी तो डेकच्या आकड्याला टांगला. तिसऱ्या दिवशी मी खाली पुस्तक घेऊन (उघडून नव्हे, घेऊन) बसलो होतो, तर कानाजवळून मोठा भुंगा गेल्यासारखा आवाज आला. मी दचकून मान खाली घातली. वर बघतो तर फीडरपाशी हवेत एक पक्षी उभा! ‘उभा’ हाच शब्द बरोबर आहे. पुढे नाही, मागे नाही, जसा काही अदृश्य खिळ्याला टांगलेला. मग तो चक्क रिव्हर्स गिअरमध्ये मागे सरकला, माझ्याकडे बघितलं आणि गेला.

हा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. लांबी आठ-नऊ सेंटिमीटर, वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे आपलं रुपयाचं नवं नाणं हातात घ्या, तेवढं. पंखांची फडफड सेकंदाला सुमारे ५०. हृदयाचे ठोके उडताना मिनिटाला हजाराच्या वर. आणि हा एवढासा जीव हिवाळ्यात मध्य अमेरिकेत जातो. जाताना यातले बरेच पक्षी मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडतात, सुमारे ८०० किलोमीटर, खाली नुसतं पाणी. आधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करून घ्यायचं आणि निघायचं. आपण सांगलीहून मुंबईला जाताना वाटेत किती वेळा वड्यासाठी उतरतो ते आठवा.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून मला किमान पाच जणांनी व्हिडिओ पाठवलेत, “अरे, आमच्या बागेत पण हमिंगबर्ड!” नाही हो. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि आसपासच्या बेटांवर असतात, भारतात एकही जात नाही. तुमच्या बागेत हवेत तरंगत फुलात सोंड घालणारा तो प्राणी बहुतेक वेळा पतंग असतो, हॉकमॉथ. नीट बघा, डोक्यावर दोन मिशा दिसतील. आणि चकचकीत निळा-जांभळा छोटा पक्षी असेल तर तो आपला शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तो बहुधा फांदीवर बसून मध पितो.

आता पाहुणचार. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळवायची, गार करायची, संपलं. आईला हे अगदीच गरिबीचं वाटलं. “एवढ्या लांबून येणारा पाहुणा आणि त्याला साखरपाणी? निदान गूळ तरी घाल.” मग मी शेजारच्या आजींकडून आलेलं ज्ञान मराठीत पोचवलं, की गूळ किंवा ब्राउन शुगर नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही. मध नको, त्याच्या पाण्याला बुरशी लवकर धरते. बाजारात मिळणारा लाल रंगही नको, फीडर लाल आहे तेवढं पुरे. मुंग्यांचा प्रश्न मात्र आईने सोडवला. तिकडे फीडरच्या वर टांगायची, पाणी भरलेली एक छोटी वाटी विकत मिळते, मुंग्या ती ओलांडू शकत नाहीत. आई म्हणाली, “हे काय विकत घ्यायचं? दुधाच्या पातेल्याखाली परात ठेवतो तेच की!” आणि जुन्या डब्याच्या झाकणाला मधोमध तार ओवून, भोक मेणाने बुजवून तिने पाच मिनिटांत वाटी तयार केली. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.

माझी पहिली चूक इथेच झाली. शनिवारी बाटली काठोकाठ भरली आणि चार दिवस तिकडे बघितलंच नाही. बाहेर ३३-३४ डिग्री. बुधवारी बघतो तर पाणी गढूळ आणि आंबूस वास. अशा उन्हात ते दर एक-दोन दिवसांनी बदलायचं असतं आणि बाटली घासून धुवायची असते. तेव्हापासून आम्ही पाव बाटलीच भरायचो.

आता मुख्य विषय. फोटो.

पहिल्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. भरपूर ऊन, शटर १/२००० सेकंद, धडाधड शंभर फोटो. लॅपटॉपवर उघडले. शरीर झकास, डोळा टोकदार, आणि पंखांच्या जागी धुरकट पुसट काहीतरी. शटर १/४००० केलं, या कॅमेऱ्याची हद्दच ती. धूर थोडा कमी झाला, गेला नाही. तेव्हा मी जी गोष्ट आधी करायला हवी होती ती केली. कागद-पेन्सिल घेतली.

पंखाची लांबी खांद्यापासून ४.५ सेंटिमीटर धरा. एका झटक्यात पंख साधारण १३० अंशांतून फिरतो, म्हणजे टोक १० सेंटिमीटर जातं. जाणं-येणं मिळून २०. सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे १००० सेंटिमीटर. सेकंदाला १० मीटर! आता १/२००० सेकंदात ते टोक ५ मिलिमीटर सरकतं, १/४००० मध्ये अडीच. आख्ख्या पक्ष्याची लांबी नऊ सेंटिमीटर असताना अडीच मिलिमीटर म्हणजे पिसं पुसली जाणारच. पंख झटक्याच्या दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो, लंबकासारखा, त्यामुळे शंभरात एखादा फोटो नशिबाने बरा येतो. पण मला नशीब नको होतं. (नशिबावर सोडलेल्या विषयाचं काय होतं ते मी एका सेमिस्टरला पाहिलं आहे.) सरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणायची तर १/१६००० ते १/२०००० सेकंद हवा.

एवढं जलद माझं शटर चालत नाही. पण प्रकाश चालतो! ही युक्ती ज्याने जगाला दाखवली तो पक्षितज्ज्ञ नव्हता, इलेक्ट्रिकलवाला होता. एमआयटीचा हॅरॉल्ड एजर्टन. १९३१ साली त्याने सिंक्रोनस मोटरवर डॉक्टरेट केली. फिरती मोटर डोळ्याला स्थिर दिसावी म्हणून तो तिच्यावर अतिशय छोट्या कालावधीचे प्रकाशाचे झटके मारायचा. म्हणजेच स्ट्रोबोस्कोप. आपण मशिन लॅबमध्ये इंडक्शन मोटरची स्लिप मोजताना चकतीवरचे काळे पट्टे सावकाश मागे सरकताना बघतो ना, तेच. पुढे त्याने मोटर सोडून जगातल्या सगळ्या धावत्या गोष्टींवर ते झटके मारले, दुधाचा थेंब, बंदुकीची गोळी आणि हमिंगबर्ड. १९४७ साली नॅशनल जिऑग्राफिकमध्ये त्याचे हमिंगबर्डचे फोटो छापून आले. जर्नल लिहिताना आपण स्लिपचं टेबल मित्राच्या वहीतून उतरवतो. त्याच प्रयोगातून एक माणूस कुठल्या कुठे गेला!

आज हे उपकरण आपल्या खिशाला परवडतं. साध्या फ्लॅशमध्ये एक कपॅसिटर असतो, तो झेनॉनच्या नळीतून रिकामा होतो. पूर्ण ताकदीवर हा झटका साधारण १/१००० सेकंद टिकतो. पण ताकद कमी केली की फ्लॅश मंद होत नाही, तर मधेच तोडला जातो. आतला सेमीकंडक्टर स्विच करंट बंद करतो आणि झटका लहान होतो. १/१६ ताकदीवर तो साधारण १/१०००० सेकंदावर येतो, १/३२ वर आणखी खाली. म्हणजे फ्लॅश जितका दुबळा, तितका जलद. आणि दुबळा असल्यामुळे तो पक्ष्याच्या जवळ, हातभर अंतरावर लागतो आणि एकाने भागत नाही. दाजींनी दोन स्वस्त चिनी मॅन्युअल फ्लॅश मागवले. “केटी सुटली तर बक्षीस, नाही सुटली तर उधारी,” या बोलीवर.

आता यातली गोम अशी, की फोटो फक्त फ्लॅशनेच घडला पाहिजे. उन्हाचा थोडा जरी हात लागला तरी स्थिर पंखाभोवती पुसट भूत उमटतं. म्हणून फीडर सावलीत हलवला. शटर १/२००, ॲपर्चर १६, आयएसओ ४००. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्यायचा, तो पूर्ण काळा आला पाहिजे. काळा आला की समजायचं, आता खरं शटर म्हणजे फ्लॅश. फ्लॅशची ऑटो पद्धत बंद. आणि ‘हाय स्पीड सिंक’ नावाच्या मोहात पडू नका, त्यात झटका लांबतो आणि सगळा हेतूच बुडतो. मी दोन दिवस त्या मोहात होतो.

पक्षी उजळला, तर मागचं सगळं काळंकुट्ट! दुपारी बारा वाजता काढलेला फोटो अमावास्येचा वाटायला लागला. पार्श्वभूमीलासुद्धा स्वतःचा उजेड लागतो. म्हणून मागे तीन फुटांवर काहीतरी हिरवं टांगायचं आणि तिसरा फ्लॅश त्याच्यावर मारायचा. घरात हिरवं काय होतं? ताईच्या डोहाळजेवणाची साडी. मी नुसता हात लावला तर आईने असं बघितलं की मी तो परत खिशात घातला. शेवटी आईचं रोजचं हिरवं सुती लुगडं मिळालं, काठ फ्रेमच्या बाहेर राहतील असं. माझ्या सगळ्या चांगल्या फोटोंत मागे जी मऊ ‘अमेरिकन हिरवळ’ दिसते आणि जिचं तुम्ही कौतुक करता, ती इचलकरंजीची आहे.

आता केटीचं सांगतो. एक दिवस मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घेतला. भर उन्हात, त्यामुळे प्रत्येक फ्रेम छान टोकदार. बघतो तर पक्षी कावळ्यासारखे आरामात पंख हलवतोय! सेकंदाला सात-आठ वेळा फार तर. मी म्हटलं हा आजारी वगैरे आहे की काय. मग डोक्यात ट्यूब पेटली. पंख ५० च्या वर थोडे, समजा ५३. कॅमेरा बघतोय ६० वेळा. ६० वजा ५३, सात. एलियसिंग! पुस्तकातलं सॅम्पलिंगचं प्रकरण, जे मी तीन वेळा वाचून चौथ्यांदा सोडलं होतं, ते समोर डेकवर साखरपाणी पीत होतं. ५३ चा सिग्नल खरा बघायचा तर १०६ पेक्षा जास्त वेळा बघावं लागतं. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम लावले आणि खरी फडफड दिसली, एका फेरीला चार-साडेचार फ्रेम. खोलीतला पंखा जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली कधी कधी उलटा फिरल्यासारखा वाटतो ना? नात्यातलंच प्रकरण.

एवढी तयारी झाल्यावर माझं सगळं लक्ष नराच्या गळ्यावर होतं. रूबी-थ्रोटेड, म्हणजे माणकासारखा लाल गळा. पण माझ्या फोटोंत तो काळा येत होता! कारण त्या पिसांत लाल रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत हवेचे बुडबुडे असलेल्या पातळ चकत्यांचे थर असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या किरणांच्या इंटरफिअरन्समधून तो लाल तयार होतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचे रंग दिसतात तसं. कोन चुकला की रंग गायब. १९६० साली हे मोजमाप करून मांडणाऱ्यांत क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट होता. हा ड्यूपाँट कंपनीचा अध्यक्ष, मूळचा केमिकल इंजिनिअर, आणि फावल्या वेळात हमिंगबर्डचे फोटो काढणारा. त्याच वर्षी त्याचं ‘हमिंगबर्ड्स’ हे पुस्तक आलं. असो. मला समजलं ते एवढं, की एक फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ हवा आणि नराने तोंड माझ्याकडेच केलं पाहिजे.

ते करायला लावण्याची एक सोपी युक्ती सगळे फोटोवाले वापरतात. फीडरच्या चार फुलांपैकी तीन टेप लावून बंद करायची. मग पक्षी त्याच एका फुलाशी, त्याच दिशेने येणार. तो एक घोट घेतो, वीतभर मागे सरकून हवेत उभा राहतो, पुन्हा पुढे येतो. मागे सरकलेल्या त्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवायचा. युक्ती अचूक चालली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे गळा पेटलेला नर होता, लागोपाठ तीन फोटोंत. मी घरभर नाचलो.

आई नाचली नाही.

त्याचं असं झालं होतं. जूनमध्येच आम्ही एक मादी ओळखायला लागलो होतो. तिचा गळा पांढरा, शेपटीच्या टोकांना पांढरे ठिपके. ती डेकच्या कठड्याशी येऊन कोळ्याचं जाळं चोचीने ओढून न्यायची. हमिंगबर्डचं घरटं मऊ तंतूंचं असतं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, बाहेरून दगडफूल चिकटवलेलं, आकार अर्ध्या अक्रोडाएवढा. बांधणं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं मादी एकटी करते. नराचा त्यात काडीचा वाटा नाही, तो फीडरवर दादागिरी करण्यात मग्न. हे कळल्यावर आईने कठड्याच्या त्या कोपऱ्यातलं जाळं झाडणं बंद केलं. सांगलीच्या आमच्या घरात ही सवलत कुठल्याही कोळ्याला आजवर मिळालेली नाही. मग जाळं नेणं थांबलं आणि ती घाईघाईने यायची, पटकन पिऊन जायची. आई म्हणाली, “बसली अंड्यांवर.” घरटं कुठे होतं ते आम्हाला कधीच दिसलं नाही, पण आईचा अंदाज दिवसांशी जुळत होता.

चार फुलं उघडी होती तेव्हा नर एका बाजूला असला की मादी दुसऱ्या बाजूने येऊन दोन घोट घेऊन जायची. मी तीन फुलं बंद केली, आणि उरलेल्या एका फुलावर नर पहारा देऊन बसला. टोमॅटोच्या काठीवर त्याची बैठक. ती आली की हा सूं करून अंगावर. माझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त फूल होतं, त्याच्या बाहेर काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं. ताईला पाजताना सोबत म्हणून आई खिडकीशी बसायची, तिला सगळं दिसत होतं.

“सकाळपासून अकरा वेळा आली ती,” आई म्हणाली. “एकदाही चोच बुडवू दिली नाही त्याने. आणि तू टेप लावून बसलायस.”

“अगं आई, फुलं आहेत की बाहेर. किडेसुद्धा खातात ती. उपाशी नाही मरत.”

“मग हे टांगलंच कशाला? पान मांडायचं आणि बाळंतिणीला उठवायचं ताटावरून?”

“अजून दोनच दिवस गं. आत्ता कुठे उजेड जमलाय.”

“तिला विचारलंस, तिच्याकडे दोन दिवस आहेत का ते?”

आत ताई तीन दिवसांची जागी होती, बाळ रडत होतं, आणि आई माझ्याकडे बघत होती. मी उत्तर शोधलं. सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी लगेच टेप काढली नाही. अर्धा तास लॅपटॉपवर त्या तीन फोटोंकडे बघत बसलो आणि मनातल्या मनात वाद घातला, की उघडल्यावर असा फोटो परत मिळणार नाही. ते बरोबरच होतं. मग जाऊन काढली.

शेजारच्या आजींनी सांगितलं की अशा दादाला दोन ठिकाणी पहारा देता येत नाही, म्हणून दुसरा फीडर त्याला दिसणार नाही असा घराच्या दुसऱ्या अंगाला टांगा. दाजींनी संध्याकाळीच आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लावला. तिथे कॅमेरा न्यायचा नाही, ही आईची अट. मादीने तो दुसऱ्या दिवशी दुपारी शोधून काढला. त्यानंतर तिच्या खेपा आई चपात्या लाटता लाटता मोजायची आणि ताईला सांगायची, “आली गं तुझी मैत्रीण.”

मागच्या अंगणात माझे फोटो अर्थातच बिघडले. चार फुलं, चार दिशा, शंभरात जेमतेम तीन-चार वेळा पक्षी फोकसच्या जागी. नराचा गळा तसा पुन्हा एकदाच मिळाला.

निघायच्या पाच दिवस आधी आईने स्वतःहून विषय काढला. “आता ती भीत नाही. काढ एक. पण फुलं बंद करायची नाहीत.” मी आधी नुसते स्टँड उभे केले, एक दिवस तसेच ठेवले, मग त्यांवर फ्लॅश चढवले. लुगडं या बाजूला आलं. लेन्स उघड्या खिडकीतून, माझ्या शेजारी कणकेची परात. सकाळी साडेसातला ती आली. मी नऊ वेळा बटण दाबलं, तिने लक्षही दिलं नाही, आणि गेली.

नऊपैकी एक फोटो जमला. लाल गळा नाही, चमक नाही. पांढऱ्या गळ्याची, पाठीवर हिरवी, थोडी विस्कटलेली मादी. पण पंख! डाव्या पंखाची दहा मोठी पिसं एकेक करून मोजता येतात. पंख पुढे जाऊन उलटा वळतोय, खालची बाजू वर आलीय. हाच तो हवेत उभं राहण्याचा मंत्र. खांद्यापासून पंख पिळतो आणि त्याची फेरी आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होते. इतर पक्षी बहुतेक भार खालच्या झटक्यावर पेलतात, हा वरच्या झटक्यावरही पेलतो. अर्धा-अर्धा मात्र नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हवेत तेलाचे सूक्ष्म थेंब सोडून लेसरने मोजल्यावर, सुमारे ७५ टक्के भार खालच्या झटक्यावर आणि २५ टक्के वरच्या झटक्यावर निघाला.

चोचीतून जिभेचं टोकही दिसतंय, केसाएवढं, दुभंगलेलं. ही जीभ बारीक नळीसारखी कॅपिलरी क्रियेने मध ओढते असं शंभराहून जास्त वर्षं मानलं जायचं. २०११ साली कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी पारदर्शक फीडरमधून जलद कॅमेऱ्याने बघितलं, तेव्हा कळलं की जीभ द्रवात उघडते आणि बाहेर येताना मिटून द्रव पकडून आणते. म्हणजे इतकी वर्षं सगळे बघत होते, पण पुरेशा वेगाने कुणी बघितलं नव्हतं. सॅम्पलिंग हो, दुसरं काय!

एकूण फोटो १,९१४. ठेवले ११. भिंतीवर लावला तो हा एक. आईने मोबाइलवर वॉलपेपर ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला “ही आमची बाळंतीण” म्हणून दाखवते, लोक गोंधळतात. सप्टेंबरअखेर ताईचा मेसेज आला की चार दिवस फीडरवर कुणी नाही, तरी तिने तो पुढे दोन आठवडे भरून ठेवला, मागे राहिलेला एखादा वाटसरू आला तर असावं म्हणून.

दाजींची उधारी फिटली. सिग्नल्स सुटला, ४६ मार्क.

सध्या मेसच्या मागे जास्वंदीवर शिंजिराची जोडी येते. फ्लॅश दोनच चालू आहेत, तिसऱ्याचा पाय मोडलाय. शिंजीर बसून पितो, त्यामुळे १/१६ ताकद पुरते. ज्यांना बघायचंय त्यांनी सकाळी सातला यावं. सेल आपापले आणा, आणि ते हिरवं लुगडं दोरीवर दिसलं तर कृपा करून कुणी त्याला हात पुसू नका.